दोन रेषांमधलं अंतर

सोनई, सोम. ५ फेब्रु. १९७३
पुण्याहून विद्यापीठातल्या माझ्या जुन्या सरांचं पार्सल. चार फोटोच्या काचा, प्रत्येकीवर एकेका क्वेसारच्या, म्हणजे ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या अतिदूरच्या तेजस्वी वस्तूच्या, उजेडाचा वर्णपट. अब्जावधी वर्षं जुना उजेड. सोबत चिठ्ठी : ‘वर्णपटातल्या जोडरेषांमधलं अंतर मोज. आजच्यापेक्षा कमी भरलं, तर निसर्गाचा स्थिरांक तेव्हा वेगळा होता. कमीच भरेल असं वाटतं.’
शेवटचं वाक्य कशाला लिहिलं?

बुध. ७
तास संपल्यावर कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोजलं. चारही काचांवर अंतर कमी. सरांना हवं तेच, तेही पहिल्याच दिवशी. जेवण गेलं नाही.

गुरु. ८
उन्हाचा संशय. दुपारी पत्रा तापतो, मोजपट्टी ताणली असेल. सकाळी सातला परत मोजलं. तेच. शिवाय त्याच काचेवर तुलनेसाठी घेतलेल्या दिव्याच्या रेषा जागच्या जागी. म्हणजे ऊन नाही, यंत्र नाही. उरले मी.

शनि. १०
प्रयोगशाळेतले शिपाई किसनमामा, निवृत्तीला आलेले. किती भरायला हवं ते न सांगता त्यांना सूक्ष्मदर्शकातली तार रेषांवर धरायला बसवलं.
‘बाई, ही रेघ लई पुसट हाय. कुठं धरू?’
‘तुम्हाला दिसेल तिथं.’
प्रत्येक रेषा सोळा वेळा धरली त्यांनी. अंतर आजच्याइतकंच. चारही काचांवर.
‘चुकलं का काय माजं?’
नाही म्हटलं.

मंगळ. १३
पुसट रेषा मी दर वेळी आतल्या कडेला धरते, म्हणून अंतर कमी भरतं. आज ठरवून मध्यावर धरली, तरी हात आत सरकला. दोघांचे आकडे सरांना पाठवले.

सोम. १९
सरांचं उत्तर : ‘शिपायाच्या डोळ्यांवर विज्ञान चालत नाही. तुझे आकडे घेतले, लेखात तुझं नाव दुसरं.’ माझं नाव आजवर फक्त लग्नपत्रिकेत छापलंय. सोबत लेखाची प्रत. त्यात एका कोपऱ्यात ‘सहापैकी चार काचा’. राहिलेल्या दोन?

मंगळ. २०
लिहिलं : त्या दोन काचा पाठवा, आणि मामांचे आकडेही छापा, नाहीतर माझं नाव काढा.
मामा म्हणाले, ‘माजं कशाला? सायेब रागावत्याल.’
‘रागावू देत.’
पत्र पेटीत टाकलं.

शुक्र. २ मार्च
दोन काचा आल्या. चिठ्ठी नाही. आधी मामांनी मोजलं, आकडे मला न दाखवता पाकिटात घालून चिकटवले. उद्या मी मोजायचं, मग पाकीट फोडायचं.
मामा चहाला गेले तेव्हा पाकीट खिडकीत धरून पाहिलं. कागद जाड आहे. एक आकडा दिसल्यासारखा वाटतो.