जीप विचारात पडते त्याविषयी

अंबरनाथ (पूर्व),
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस, १९८९

चिरंजीव बाळ यास,

भाऊजींचे पोटभर आशीर्वाद. (‘अनेक’ लिहायची रीत आहे, पण तुझा पट्टा आता शेवटच्या भोकावर आल्याचे पद्मजाने कळवले, म्हणून हा शब्द योजला.) खोकल्याची ढास गेली का? नागपूरची थंडी लबाड असते. मफलर कानांवरून घे. नुसता गळ्यात मिरवू नकोस.

तुझे पत्र दिवाळीआधीच पोचले. ‘जीप ठाकठीक करून ठेवा, तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी उल्हासनगरचे गिऱ्हाईक बघायला येईल,’ ही तुझी आज्ञा मी तुझ्या ताईला मोठ्याने वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली. शेवटी एवढेच म्हणाली, “खडे फार आहेत हो यंदा.” आता तुला वेगळे काय सांगू? बदलापूरच्या पुढे तुमचे शेत. रिक्षावाला डांबर संपेपर्यंत नेतो, पुढे चढ आणि ओढ्यातले दगडगोटे. हिच्या गुडघ्यांनी त्या वाटेचा नाद केव्हाच सोडला होता. तू लष्करी लिलावातली ही जीप घेतलीस, बदलीवर जाताना आमच्या दारात लावून गेलास आणि सुनेत्राचे माहेर पुन्हा सुरू झाले. आई-आप्पा नाहीत, पण विहीर आहे, शेत राखणारी कौसाबाई आहे, आणि बांधावरून तिने मारलेली “सुनीताय आली गं!” ही हाक आहे. असो. हा विषय माझ्या अखत्यारीतला नाही. तू गाडी दुरुस्त करायला सांगितलीस, त्याची हकीकत लिहितो.

दुखणे असे. गाडी पहिल्या हाकेला उठते. सपाटीवर थेट भुजंगप्रयातात धावते, चार-चार पावले, एकही अक्षर इकडचे तिकडे नाही. (आमच्या वेळी हे वृत्त सगळा वर्ग बाकांवर ताल धरून म्हणायचा. कौलांवरची कबुतरे उडायची, पण मास्तर थांबवत नसत. ते दिवस गेले.) पण चढ आला आणि मी ॲक्सिलरेटर दाबला की ती दोन हिसके देते, आवंढा गिळते आणि विचारात पडते. जिथे यती नाही तिथे यती घेते. यती म्हणजे ओळीत थांबायची ठरलेली जागा. तू वाणिज्य शाखेचा, म्हणून सांगितले.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये चंदू मेकॅनिक आहे, सिंधी, मनाचा राजा. त्याने प्लग घासले, कार्बोरेटर उघडून फुंकला, पेट्रोलचा पंप बदलला. दर वेळी थोडे पेट्रोल ओतून गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारायचा, आणि गाडी सशासारखी पळायची. माझ्या हाती आली की चढावर पुन्हा हुंदके. शेवटी चंदूने हात जोडले. “काकासाब, मेरे पास हँसती है, आपके पास रोती है. आपके हाथ में ही कुछ है.”

हे वाक्य मला फार लागले, आणि खरे सांगायचे तर थोडे आवडलेही. कारण त्याच सुमारास मला एक शोध लागला होता. पेट्रोलचा काटा मेलेला असल्यामुळे गाडी थांबली की मी टाकीचे झाकण काढतो, आत कडुलिंबाची काडी बुडवून पाहतो (पेट्रोल मुबलक असते), झाकण लावतो आणि मन शांत करायला शाळेतली एखादी कविता म्हणतो. दोन कडवी झाली की गाडी सुरू, आणि चढ पार! हा प्रयोग एकदाही फसला नाही. तुझी ताई म्हणते, तिसरे कडवे ऐकावे लागू नये म्हणून ती पळते. चंदूचा मात्र विश्वास बसला. त्याने एका बंद पडलेल्या रिक्षासमोर मला उभे करून कविता म्हणायला लावली. रिक्षावाल्याला गहिवरून आले. रिक्षाला नाही.

गेल्या रविवारी शेतावर जाताना ओढ्याअलीकडच्या चढावर गाडी पुन्हा थबकली. मी झाकण काढले तसे आतून ‘फुस्स’ झाले. सुनेत्राने कान टवकारले. “लावा बघू परत. आणि आज कविता नको.”

कवितेवाचून गाडी सुरू झाली. बाळ, माझ्या मनाला काय वाटले ते लिहीत नाही.

ती म्हणाली, “अहो, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं येतं?”

“अडखळत. बुडबुड करत.”

“मग दुसरं कशाला पाडतो आपण?”

हवा आत जायला! मूळ झाकणाला बारीक छिद्र होते. ते झाकण मी दसऱ्याच्या सुमारास पेट्रोल पंपावर विसरलो, आणि त्याजागी हिने लोणच्याच्या बरणीचे झाकण बसवले, आतून सायकलच्या ट्यूबची चकती लावून, असे घट्ट की पेट्रोलचा वासही बाहेर येऊ नये. (तुझ्या ताईने बंद केलेली वस्तू तुला ठाऊक आहेच.) इंजिन पेट्रोल ओढणार, वरून हवा जाणार नाही, मग चढावर जास्त पेट्रोल येणार कुठून? मी झाकण उघडायचो तेवढाच तिला श्वास मिळायचा. “पण हे झाकण बसवलं कोणी?” असे मी एकदाच विचारले. “आणि कविता कोण म्हणत होतं?” असे उत्तर आले.

हिने हाक मारली तशी कौसाबाई बांधावरून उतरून खिळा आणि दगड घेऊन आली. एका घावात भोक पडले. गाडी चढ चढली, ओढा ओलांडला, थेट विहिरीपाशी. कौसाबाई पदर खोचून मागून धावत होती. “सुनीताय, गाडी न्हाय गो ही, घोडी हाय घोडी!” तुझी ताई इतकी हसली की मला माझी कविता गेल्याचे दुःख राहिले नाही.

तात्पर्य, आज्ञेप्रमाणे गाडी ठणठणीत आहे. पद्मजाला आशीर्वाद, मुलांना गोड पापे.

तुझा,
चिंतामणी

ता. क. — हे पत्र तुझ्या ताईने वाचले, चष्मा काढला आणि विचारले, “मी सांगितलेलं वाक्य कुठंय?” ते राहिलेच. वास्तविक तिने मला पोस्टकार्डावर तेवढेच लिहायला सांगितले होते. वाक्य असे: “बाळ, जीप विकू नकोस.”

दुसरा ता. क. — गुडघ्यांचे कारण लिहायचे नाही, असे तिने बजावले आहे. भावाला कारण सांगावे लागले तर ते माहेर कसले, म्हणते. तेव्हा वर मी लिहिले आहे ते तू वाचले नाहीस, असे समज.

तिसरा ता. क. — हे तिला न दाखवता लिहितो. पत्र तुला मिळेल तोवर रविवार उलटलेला असेल आणि तुझे गिऱ्हाईक आमच्या दाराचे कुलूप बघून परत गेलेले असेल. आम्ही पहाटेच जीप घेऊन शेतावर निघत आहोत. तू रागावशील हे उघड आहे. मात्र राग पत्राने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. बदलापूर स्टेशनवर तुझी ताई तुला न्यायला येईल.