बंगालच्या उपसागरावर माझी नजर

१८ ऑक्टोबर १९७५, भोकरदन
यंदाचा पाऊस संपला, असं आज स्टाफरूममध्ये जाहीर केलं. कुणी मान वर केली नाही. भूगोल शिकवायला अक्कल लागते, ऐकायलाही लागते. आजपासून हवामानाची नोंद नेमाने ठेवणार.

१९ ऑक्टोबर
केळना नदीच्या काठी महेबूबची वीटभट्टी. दसरा झाला की तो विटा थापायला घेतो, आणि दरवर्षी आधी मला विचारतो. शहाणा माणूस. दहा हजार कच्च्या विटा उन्हात मांडल्यात. भट्टी रचायला अजून पाच दिवस. ताडपत्री टाकू का, म्हणाला. झाकल्या की वाळत नाहीत. नको म्हणालो.

२० ऑक्टोबर
पेपर आला. एसटीने येतो, पण नकाशासकट येतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा, आंध्रच्या किनाऱ्यापासून बराच लांब. तिथून आपल्याकडे यायला पुरते तीन दिवस लागतात. बहुतेक पट्टे वाटेतच विरतात, नाहीतर ओरिसाकडे वळतात. महेबूबला निरोप धाडला: निश्चिंत राहा.
शेजारच्या रेडिओवर ‘तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता’. तुरळक म्हणजे कुठे? गावाचं नाव घ्यायची हिंमत नाही. पडला तरी हे बरोबर, नाही पडला तरी बरोबर.

२१ ऑक्टोबर, संध्याकाळ
पूर्वेचा वारा. हिने अंगणातली बाजरी आत ओढली. हसलो. तिने सरपणही आत नेलं.
महेबूबची बायको मैमूना आली. रेडिओवाले आता ‘जोरदार’ म्हणून राह्यले, झाकू का? तिला पाटीवर नकाशा काढून दाखवला. हे वादळ, हा समुद्र, हे भोकरदन, मध्ये एवढी जागा. ती पाटी सोडून आभाळाकडेच बघत होती. शिक्षणाचा अभाव.

२२ ऑक्टोबर, दुपार
सकाळपासून पाऊस. स्थानिक स्वरूपाचा. असला पाऊस माझ्या अंदाजात धरलेलाच नव्हता, तेव्हा अंदाज चुकला असं म्हणता येणार नाही.
संध्याकाळ. चालूच. भट्टीवर जाऊन यावं असं मनात आलं. छत्री उसवली आहे.

२३ ऑक्टोबर
उघडीप. पुलावर पाणी, एसटी बंद, पेपर नाही. भट्टीवर उद्या नक्की.

२४ ऑक्टोबर
पेपर आले. वीस तारखेला आलेला नकाशाही पुन्हा काढून पाहिला. कोपऱ्यात बारीक अक्षरं: अठरा तारीख, सकाळी साडेआठ. म्हणजे मी पाटीवर वादळ समुद्रात काढत होतो, तेव्हा ते नांदेड ओलांडून आलेलं. माझं तीन दिवसांचं गणित अचूक होतं. फक्त मोजायला दोन दिवस उशिरा बसलो. सतरा वर्षं भूगोल शिकवतो. तो कोपरा कधी वाचला नव्हता.
भट्टीवर गेलो. विटा उरल्या नव्हत्या. नुसता लाल चिखल. दोघं नवराबायको तो फावड्याने ओढून पुन्हा एकत्र करत होती. मी तारखांचा घोळ समजावून सांगू लागलो.
महेबूब म्हणाला, “मास्तर, तुमची चूक न्हाई. आमी इचारलं, ती चूक.”
मैमूनाने वर न बघता सांगितलं, “चपला काढा. चिखलाचा गारा तुडवायला मानूस कमी हाय. फकस्त बोलू नका.”
तुडवला. गुडघ्यापर्यंत माखलो. वर आभाळ स्वच्छ होतं. आता आठ दिवस पाऊस नाही, असं वाटलं.
सांगितलं नाही.