कंदील विझला तेव्हा

नाना,

तुम्ही मेंदूज्वरातून वाचलात तेव्हा गावाने देवीला नारळ फोडला. भ्याले ती मी एकटीच, कारण घरी परत आलेला माणूस कशालाच भीत नव्हता. आधी तुम्ही किती भित्रे होतात! मनमाडच्या फलाटावर लांबून गाडी दिसली तरी मला मागे ओढायचात, आणि आई चिडवायची, "पोरगी भिंतीला टेकली, अजून किती मागं ओढता?" माझा चेहरा जरा उतरला तरी तुम्हाला कळायचं.

तापानंतर महिन्याभरात कडब्यात साप निघाला. तुम्ही तो हाताने उचलून माझ्या तोंडाजवळ आणलात. "कसा गार हाय बघ, हात लाव." माझे डोळे फाटलेले, तोंड उघडं. तुम्ही निरखून पाहिलंत आणि प्रेमाने विचारलंत, "हसतीस का गं?" त्यानंतर मी तुमच्या शेजारी जेवायला बसले नाही. लोक मात्र म्हणायचे, "देवीनं नानाची भीतीच काढून घेतली, लय मोठी छाती!" आणि जिवावरचं काम निघालं की तुम्हालाच हाक मारायचे. आग लागो त्या कौतुकाला.

पुढे मी नाशिक रोडला एका दवाखान्यात नर्स झाले. तिथे मेंदूज्वरातून उठलेल्या एका बाईला डॉक्टर चेहऱ्यांचे फोटो दाखवत होते. हसरा तिने ओळखला, रागावलेला ओळखला. घाबरलेल्या चेहऱ्यापाशी ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "हा जांभई देतोय का?" मी हातातला ट्रे खाली ठेवला आणि डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत दोन्ही बाजूंना खोलवर बदामाएवढा पेशींचा पुंजका असतो. त्यातल्या काही पेशी भीती उठवतात, काही तिला आवरून धरतात. तापात तो पुंजकाच गेला, तर माणसाची स्वतःची भीती जाते, आणि कधीकधी दुसऱ्याचीही दिसेनाशी होते. देवीबिवी काही नव्हतं, नाना.

आता त्या विहिरीचं, मी नर्स होण्याच्या आधीचं. कित्येक वर्षं बंद पडलेली, गाळ काढायचा होता. रीत तुम्हीच शिकवलेली: आत विषारी हवा असते, म्हणून आधी पेटता कंदील सोडायचा, आणि तो तळाशी जळत राहिला तरच माणसाने उतरायचं. भर दुपार आहे. कंदिलाचा दोर माझ्या हातात, बाकीचे पलीकडे गाळ ओढायची यारी उभी करताहेत. खाली ज्योत बारीक होते, विझते. तुम्ही काठावर बसून, पाय आत सोडून, उतरायचा दोर बांधताय. "काय गं, जळतोय का?" मी तुमच्याकडे बघते. तुम्ही माझा चेहरा निरखता.

"हसतीस म्हंजे जळतोय," म्हणता आणि त्या दोराला धरून उतरता.

तुम्ही गेल्यावर मी गावाला सांगितलं, की मी ओरडले पण नानांनी ऐकलं नाही. आई मरेपर्यंत तेच खरं मानत होती; आता तीही नाही, हे पत्र कुणाला पाठवणार? माझी वाचाच बसली होती, असं मी स्वतःलाही सांगत आले. तसं नव्हतं. आवाज होता. पण तुम्ही थांबलात, तर रोज माझ्याकडे असंच बघत राहाल, याची मला विहिरीपेक्षा जास्त भीती वाटली.