दोन सायकली, एक फळी

३ मार्च, सोमवार. सकाळ.
टिक-टिक-टिक. जाग आली तीच या आवाजाने. साठ वर्षांपूर्वी गुरुजी सायकल हातात धरून शाळेच्या फाटकातून येत. मागच्या चाकाचा हा आवाज आधी वर्गात शिरे, कविता त्याच्या मागून. आज खरं तर नळ गळत होता. पण लय तीच!
लेकीचा फोन. रविवारी नातीची पहिली शर्यत. तिची सायकल दुरुस्त होऊन आमच्याकडे पडली आहे. शनिवारपर्यंत पोचली नाही तर पोरगी घरी बसणार. लेक म्हणाली, टेम्पो पाठवते. म्हटलं, मी जिवंत असताना? मेहुण्याचा पिकअप आणतो. माझीही सायकल नेणार. सुरुवातीच्या रेषेपर्यंत आजोबा-नात जोडीने.
संकल्प: घाई नाही. सगळं शास्त्रशुद्ध.

४ मार्च
सायकलवाल्या मिस्त्रीने न विचारता शिकवलं. चाकं गाडीच्या हौद्याच्या भिंतीला टेकवा, एक तोंड इकडे, एक तिकडे, मध्ये सतरंजी, पट्ट्याने थेट हौद्याच्या कड्यांना आवळा. पाच-सात किलोमीटरवर थांबून पुन्हा बघा. पट्टे दाखवले. भडक नारिंगी! मी म्हटलं, सुताची दोरी आहे घरी. तो म्हणाला, आजोबा, सायकल न्यायचीय की वाळत घालायचीय?
अरसिक.

६ मार्च
पिकअप आणला. गल्लीत रंगीत तालीम. वळणावर सायकली कलल्या. पडल्या नाहीत, आडव्या कलल्या. बायको खिडकीतून म्हणाली, दोघी गळ्यात गळे घालून झोपल्यात, उठवा आता. दोष माझा नाही. गतिरोधक फार उंच आहे.
रात्री उपाय सुचला. फळी! माळ्यावरची जाडजूड फळी हौद्यात लांबीने टाकायची आणि दोन्ही सायकली तिला जखडायच्या. मिस्त्रीच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं.

७ मार्च
नऊ गाठी. गाठ मारताना भुजंगप्रयात म्हणावा, हात आपोआप लयीत चालतात. 'निघाली निघाली सवारी निघाली' ही ओळ तिथल्या तिथे स्फुरली. दर शब्दाला एक हिसका. सायकली फळीपासून तसूभर हलत नाहीत. फळी मागून हातभर बाहेर येते, म्हणून हौद्याचा मागचा फाळका उघडाच ठेवणार.
बायकोने विचारलं, सायकली फळीला बांधल्या, पण फळी गाडीला कुठे बांधलीय? समजावलं की जड वस्तू आपल्या वजनानेच बसते. माझ्याकडे बघून म्हणाली, हो, ते रोज बघतेच. मग लेकीचा पत्ता चिठ्ठीवर लिहून नातीच्या सायकलला अडकवला. म्हटलं, पार्सल आहे का? म्हणाली, नेणारा कोण आहे ते बघून लिहिलाय.
सोडून दिलं.

८ मार्च, शनिवार. दुपारी २.
लेकीच्या घरी. प्रवास अपूर्व! चढावर तर पाखरासारखं हलकं वाटत होतं. चढाच्या आधी मागून एक व्हॅन आली. बाई चालवत होती. माझी रचना बघून तिने हॉर्न दिला. मी हात केला. तिने आणखी लांब हॉर्न दिला, दिवेही लावले. मी पुन्हा हात केला. रस्त्यावर अजून रसिकता शिल्लक आहे. थांबून गाठी बघण्याची गरज वाटली नाही.

२.१०
हौद्यात फक्त सतरंजी आहे.

२.४०
जावई शोधायला गेले. लेक भांडी जोरात घासते आहे. नात हेल्मेट घालून पायरीवर बसली आहे. काढ म्हटलं तर मान हलवते. मी सांगितलं, पोरी, गाठ सुटलेली नाही, माझी खात्री आहे. ती म्हणाली, मग सायकल कुठाय, आजोबा?
या वयात मुलं फार थेट विचारतात.

३.३०
जावई हात हलवत परत. चढापर्यंत काहीच नाही. शर्यत सकाळी सातला. मिस्त्रीने पट्ट्यांचं नीट पटवून द्यायला हवं होतं.

४.१०
बेल वाजली. पोलीस असतील म्हणून मी वर्तमानपत्र उघडलं. दारात धुलाईवाल्यांच्या निळ्या कपड्यातली एक अनोळखी बाई, हातात बायकोच्या अक्षरातली चिठ्ठी. बाहेर व्हॅनमध्ये चादरींच्या गठ्ठ्यांवर फळी, फळीवर दोन सायकली. नऊच्या नऊ गाठी शाबूत! नात अनवाणीच धावली.
मी गाठींबद्दल सांगायला उठलो. तेवढ्यात त्या बाईने लेकीच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि विचारलं, मी कळवळून हॉर्न देत होते तेव्हा टाटा करत होते, ते आजोबा हेच का?