साट्यालोट्यातली कस्तुरी

नाशिक,
१८ ऑक्टोबर २००५

प्रिय ललितदाजी यांस,

निवृत्तीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे आठांपैकी सहाच अंगं हजर आहेत, उरलेली दोन टपालानं पोचली असं समजावं.) तुमचा रक्तदाब, आमच्या कलाची पाठ आणि हैदराबादचं पाणी या तिघांची खुशाली कळवावी. इकडे तुमची बहीण मोहिनी ठणठणीत आहे, म्हणजे मला बोलते आहे.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोनवर तुम्ही "हां, बोला" म्हणता आणि मी बोलायच्या आत रिसीव्हर कलाच्या हातात जातो. माझे कान अजून शाबूत आहेत हो. ती बोलत असताना मागे तुम्ही टीव्हीचा आवाज कमी करून ऐकता, हेही मला इथं ऐकू येतं. (तुमचा पंखा करकरतो. तेल द्या.) पत्राचं एक बरं असतं, ते दुसऱ्याच्या हातात देण्याआधी निदान उघडावं लागतं.

पंधरवड्यापूर्वी पेपरात बातमी आली, तुम्हीही वाचली असेलच. रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना, एक फ्रेंच आणि दोन अमेरिकन. कशासाठी, तर धातूच्या मदतीनं रेणूंमधले जोडीदार बदलण्याची ती क्रिया. पेपरवाल्यानं नाचाचा दाखला दिलाय, जोड्या नाचतात, नाचता नाचता जोडीदार बदलतात वगैरे. मी मोहिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणालो, अगं, हे तर आपलं साटंलोटं! ती एवढंच म्हणाली, "दादा हेच सांगत होता." आणि भाजी निवडायला लागली. मेथी होती, पण काड्या भांड्यात आणि पानं केरात चालली होती.

साटंलोटं हे नाव तुमचंच. अंबडच्या आपल्या शेडमध्ये तुम्ही पुण्याहून रसायनशास्त्राचे डॉक्टर होऊन आलात तेव्हा मला काय येत होतं? मखमलाबादच्या मळ्यातला भाजीपाला सायकलवर विकून झाला होता, कारखान्यांचे रिकामे ड्रम धुऊन विकून झाले होते. ड्रमवर टिचकी मारून आत किती माल आहे ते सांगायचं, एवढीच माझी पदवी. तुम्ही फळ्यावर षटकोन काढायला लागलात की मला मधमाश्या आठवायच्या. शेवटी तुम्ही खडू टाकून म्हणालात, "दाजी, तुमची बहीण माझ्या घरी, माझी बहीण तुमच्या घरी. हेच रेणूंमध्ये करायचंय. आणि हा जांभळा मध्यस्थ." ती रुथेनियम धातूची पूड पिकल्या जांभळासारखी होती. सगळ्यांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे आणि स्वतः पुन्हा पुढचं स्थळ बघायला मोकळा, असा तो मध्यस्थ. आपल्या लग्नात झिपरूमामानं हेच केलं होतं, फक्त तो जेवून गेला.

आपल्याला करायची होती कस्तुरी. हरणाला न दुखवता, शेडमध्ये. लांब करदोट्यासारखा रेणू, दोन्ही टोकांनी एकेक लहान पोर बोटाला धरलेलं. मध्यस्थ येणार, टोकं पोरांना सोडून एकमेकांना धरणार, करदोट्याची गाठ बसणार आणि सुटलेली दोन पोरं एकमेकांचा हात धरून वायू होऊन पळणार. तुम्ही बजावलं होतं, "हे वऱ्हाड निघून गेलंच पाहिजे. ते घरात राहिलं तर पुन्हा बोटं धरतं, गाठ सुटते, वर मध्यस्थाचा जीव घेतं." म्हणून तो वायू तेलाच्या बाटलीतून बुडबुडत नळीनं बाहेर सोडलेला. तुम्ही काचपट्ट्यांवर थेंब लावून तपासायचात, मी खुर्चीत डोळे मिटून बुडबुडे ऐकायचो. "आता वऱ्हाड पांगतंय," असं मी म्हणालो की अर्ध्या तासात तुमची पट्टी तेच म्हणायची. पैज चहाची असायची. तो चहा अजून तोंडात आहे.

काचेच्या चंबूत पहिल्यांदा जमलं तो दिवस आठवतो? तुम्ही कापसाच्या बोळ्याला थेंब लावून माझ्या नाकाशी धरलात. मी म्हणालो, वास कुठंय? तुम्ही म्हणालात, थांबा. आणि मग आला, हळूच, बंबावर वाळत टाकलेल्या कोवळ्या पोराच्या झबल्यासारखा. कलानं आणि मोहिनीनं तो बोळा साडीच्या घडीत ठेवण्यावरून भांडण केलं होतं. साट्यालोट्यातल्या नणंदा-भावजया, दोघीही नणंदा आणि दोघीही भावजया, निकाल कोण लावणार?

मग मोठ्या भांड्यात करायचं ठरलं. ते झालं की दुसऱ्या दिवशी मुंबईचा अत्तरवाला बघायला येणार होता. शेजारच्या शेडमध्ये गिरणाऱ्याच्या पुंजानं हिरवे टोमॅटो भरून ठेवलेले, लांब दिल्लीला जायचे. त्याआधी चाचणीच्या दिवसांत आपलं वऱ्हाड नळीतून निघून त्याच्या खिडकीत शिरलं, आणि पुंजा हातात लालबुंद टोमॅटो घेऊन आला. "निवृत्तीशेठ, ह्यो काय वास सोडलाय तुमी? माल दिल्लीला जायचाय अन् हितंच पिकून बसला! लय वंगाळ काम हाय हे!" तुम्ही पोट धरून हसलात. फळं पिकवणारा वायू तोच, म्हणालात. पुंजाला नोबेल द्यायला हवं होतं, वायू त्यानं नाकानं नाही तर टोमॅटोनं ओळखला. नळी छतावर न्यायची ठरली, पण फिटर सोमवारी येणार होता.

आणि मोठ्या भांड्याचा तो दिवस, सोमवारच्या आधीचा. संध्याकाळी तुम्ही पट्टी बघितलीत, पुन्हा बघितलीत, तिसऱ्यांदा उजेडात धरलीत. गाठ बसलेली नव्हती. आतलं सगळं काळपट, मध्यस्थ मेलेला. काय बिघडलं ते देव जाणे. दुसऱ्या दिवशी अत्तरवाला म्हणाला, "डॉक्टरसाब, कस्तुरी हिरन की नाभि में होती है, ड्रम में नहीं." तुम्ही वहीत लिहिलंत, "पद्धत मोठ्या भांड्यात चालत नाही. चूक माझी." वही माझ्या टेबलावर ठेवली आणि दिवाळीच्या आधी हैदराबाद गाठलंत. तिथं तुम्ही खोकल्याच्या औषधात नाव काढलंत, छान झालं. पण तुम्ही नाशिकला पाऊल टाकत नाही म्हणून कला येत नाही, कला येत नाही म्हणून मोहिनी तुमच्याकडे जात नाही. काट्याचा तोल कसा अगदी बरोबर. सहा भाऊबिजा दोन्ही घरी ताटं तयार होतात आणि दोन्ही घरी ओवाळायला भाऊ नसतो.

बाकी सर्व क्षेम. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि पंख्याला तेल.

तुमचा दाजी (आणि तुम्ही माझे),
निवृत्ती

ता. क. पुंजा भेटला होता. टोमॅटोचं अजून बोलतो. आता हसून.

ता. क. दुसरा. वर "देव जाणे" असं लिहिलंय. देवाखेरीज आणखी एक जण जाणतो. त्या दिवशी तुम्ही जेवायला घरी गेलात आणि पुंजा नवीन गाडी उतरवायला आला. त्याच्या तोंडाला कंटाळून मी वायूच्या नळीचा कॉक बंद केला. वाटलं, आपल्याच घरचं वऱ्हाड, दोन तास जास्त थांबलं तर काय बिघडतं? साट्यालोट्यात मोठ्यांनी शिकवलेलं डोक्यात होतं, की दार लावून घ्यावं, एक जण बाहेर पडला की दोन्ही घरं मोडतात. बुडबुडे थांबले तेव्हा शेडमध्ये इतकं शांत झालं की मला कळायला हवं होतं. तुमच्या स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर आला तसा मी कॉक उघडला. फुस्स झालं. तेव्हापासून तो आवाज रोज ऐकतोय. पद्धत चुकली नव्हती, दाजी. वहीतल्या त्या ओळीखाली मी सहा वर्षांनी आज लिहिलंय, "चूक निवृत्तीची," आणि सही केलीय.

ता. क. तिसरा. हे मोहिनीनं वाचलं. म्हणाली, "एवढी दोन पानं कशाला? हेच आधी लिहायचं." मग उठून ट्रंक उघडली आणि साडीच्या घडीतला बोळा काढून दिला. तो पाकिटात घातलाय. वास लगेच येत नाही, थांबावं लागतं, हे तुम्हीच शिकवलंत. आला की भाऊबिजेची गाडी बघा. शेडची नळी छतावर नेलीय, फिटर आला होता, सहा वर्षांनी का होईना, सोमवारीच.