लाल पेन्सिलीचं बक्षीस

ट्रॉय, मिशिगन
मंगळवार, १३ जानेवारी २०२६

प्रिय गिरिजा,

सुशांतचं मूळ पत्र सापडलं. गेल्या मंगळवारी सियाने ते मंडळाच्या जुन्या ईमेल खात्यात पाहिलं. गुरुवारी मोहनरावांनी आयसेलिनहून फोनवर खात्री दिली, की त्यांच्या हाती पडलेलं पत्र याच्या निम्म्याहून लहान होतं आणि ते तू पाठवलं होतंस. मुलीकडे राहायला जाताना त्यांनी ते कागदांबरोबर नेलं होतं. त्यांनी मला वाचून दाखवलं आणि सिया तिच्या स्क्रीनवर एकेक वाक्य ताडून पाहत होती.

ते जुनं खातं कसं उघडलं, असं तुला वाटेल. अमितला अध्यक्ष होऊन वर्षच झालंय, त्याला आपला इतिहास ठाऊक नाही. तपपूर्तीच्या स्मरणिकेसाठी जुने फोटो हवेत म्हणून त्याने सियाला मंडळाची वही दिली, आणि त्या वहीत शेवटच्या पानावर अध्यक्षांच्या जुन्या खात्याचा पासवर्ड होता, तुझ्या वळणदार अक्षरात. सुशांतला अध्यक्षपदावरून काढलं त्या संध्याकाळी तू तो बदललास आणि नीटनेटकी म्हणून लिहूनही ठेवलास. तुझ्याकडे आलेली प्रत तू पुसली असशील. त्याने पाठवलेली प्रत त्याच्या खात्यातही राहते, हे तुझ्या लक्षात आलं नाही.

तुला आठवत असेलच, तरी लिहिते. तेव्हा सुशांत ट्रॉयच्या मंडळाचा अध्यक्ष होता, तू सेक्रेटरी. ॲन आर्बरचं मंडळ वेगळं, आणि तिथले सेक्रेटरी मोहनराव. दहा वर्षं फुटलेली मंडळं एक करायची म्हणून सुशांत त्यांच्याकडे खेटे घालत होता. त्यांनी अट घातली, की ट्रॉयने पुढे कधीही वेगळा गणपती बसवणार नाही असं कायमचं लिहून द्यावं. सुशांतने उत्तर लिहून तुझ्याकडे पाठवलं, सेक्रेटरीने पुढे पाठवायची पद्धत म्हणून. त्याने लिहिलं होतं ते असं:

“मोहनराव, तुमचं पत्र मिळालं. यंदाचा वेगळा गणपती आम्ही रद्द करतोय, हे आनंदाने कळवतो. पुढच्या सगळ्या वर्षांचं वचन मात्र मी देऊ शकत नाही, कारण पुढच्या कमिट्यांचे हात बांधायचा मला अधिकार नाही. ॲन आर्बरच्या लोकांशी मला पत्रातून बोलायचं नाही, समोर बसून बोलायचं आहे. रविवारी रेणूला घेऊन तुमच्याकडे जेवायलाच येतो. आता पत्रं पुरे. सुशांत”

आणि तू मोहनरावांना आणि आम्हा दोघांखेरीज दोन्ही मंडळांच्या सगळ्या सभासदांना पाठवलंस ते असं:

“मोहनराव, तुमचं पत्र मिळालं. वचन मी देऊ शकत नाही. ॲन आर्बरच्या लोकांशी मला बोलायचं नाही. आता पत्रं पुरे. सुशांत”

सियाने दोन्ही पत्रं लिहून काढून शेजारी ठेवली. मग म्हणाली, “आई, धिस इज हर असाइनमेंट.” मला कळेना. तेव्हा तिने समजावलं. अकरावीत ती तुझ्या युरोपच्या इतिहासाच्या वर्गात होती. जर्मनीचं एकीकरण शिकवताना तू मुलांना एम्सहून आलेली तार द्यायचीस. फ्रान्सच्या राजदूताने प्रशियाच्या राजाला बागेत गाठून कायमचं वचन मागितलं, राजाने सभ्यपणे नकार दिला, आणि ती हकीकत तारेने बर्लिनला बिस्मार्ककडे गेली. तो दोन सेनापतींबरोबर जेवायला बसला होता आणि लढाई टळली म्हणून त्यांचं जेवण जात नव्हतं. त्याने पेन्सिल घेतली, पदरचा शब्द न घालता नुसतं कापलं, आणि सभ्य नकाराचा अपमान करून ती तार छापायला दिली. सेनापतींना परत भूक लागली. सहा दिवसांत फ्रान्सने युद्ध पुकारलं, सगळी जर्मन राज्यं प्रशियामागे उभी राहिली, आणि रोममधलं फ्रेंच सैन्य माघारी गेल्यामुळे इटलीलाही जाता जाता रोम मिळालं. तू मूळ तार मुलांपुढे ठेवायचीस आणि सांगायचीस, एकही शब्द न वाढवता हिचं भांडण करून दाखवा. ज्याचं भांडण सगळ्यात मोठं, त्याला लाल पेन्सिल बक्षीस. त्या वर्षी ती सियाला मिळाली होती. घरी आल्यावर तिने बापाला दाखवली, आणि सुशांत म्हणाला, “गिरिजा काय झकास शिकवते गं.”

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तू त्याचं पत्र कापलंस.

तो रविवार तुला माहीत नाही, कारण मी तुला तो कधी सांगितला नाही. मी बारा पुरणपोळ्या केल्या होत्या. जायच्या आधी फोन करावा, असं मी म्हटलं तर सुशांत म्हणाला, पत्रात लिहिलंय की, वाट बघत असतील. मोहनरावांनी दार अर्धं उघडलं. आत पाणी घ्यायलाही बोलावलं नाही. म्हणाले, “बोलायचं नाही म्हणालात ना? मग आलात कशाला?” सुशांत हसला, त्याला ती थट्टा वाटली. दार लागल्यावरही तो थोडा वेळ हसत उभा होता. डबा माझ्या हातात होता. परत येताना तो गाडीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, मी तर जेवायला येतो असं लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे आले, कारण मला दुसरी मैत्रीण नव्हती. तू चहा केलास आणि पत्राचा छापलेला कागद माझ्यापुढे ठेवलास. वर म्हणालीस, “रेणू, चांगल्या माणसाचाही कधीकधी तोल जातो. त्याला फार बोलू नकोस.” मी घरी येऊन त्याला खूप बोलले. कागद डोळ्यांनी पाहिला होता ना मी. तो म्हणायचा, मी याहून जास्त लिहिलं होतं. मी म्हणायचे, लिहून झाल्यावर सगळेच असं म्हणतात. खातं उघडायला गेला, तोवर सभासदांनी त्याला काढलं होतं आणि पासवर्ड चालेना. वर्षभराने तो मला म्हणाला, कदाचित मी तसंच लिहिलं असेन, तू म्हणतेस तर. ते ऐकून मला बरं वाटलं होतं. वाटलं, चला, चूक तरी मान्य केली.

पुढचं सगळं तुझ्या धड्याबरहुकूम झालं. दोन्ही मंडळांना एकत्र यायला एक माणूस हवा होता, ज्याचा दोघांनाही राग येईल. तो मिळाल्यावर सहा महिन्यांत मंडळ एक झालं आणि तू अध्यक्ष झालीस. लायब्ररीच्या तळघरात सुशांतने चालू केलेली रविवारची मराठी शाळा तहात ॲन आर्बरवाल्यांना गेली. सिया तेव्हा म्हणाली होती, बाबांचं गॅरिबाल्डीसारखं झालं. त्याने लढून इटली जोडली आणि सरकारने त्याचं जन्मगाव नीस तेवढं फ्रान्सला देऊन टाकलं. सुशांतला ते आवडलं. शाळेची विद्यार्थ्यांची यादी आणि कपाटाच्या किल्ल्या त्याने स्वतः नेऊन दिल्या.

एकत्र मंडळाची पहिली सभा तू १८ जानेवारीला संक्रांतीच्या कार्यक्रमात घेतलीस. हॉल सुशांतच्या नावावर आधीच बुक होता, तो तसाच वापरलास. तारीख पाहून सिया गेल्या आठवड्यात हसली. त्याच तारखेला जर्मनांनी आपलं साम्राज्य जाहीर केलं, आणि तेही हरलेल्यांच्या घरात, व्हर्सायच्या आरशांच्या दालनात. पुढे त्याच दालनात त्यांना मान खाली घालून सही करावी लागली, हे तू शेवटच्या तासाला सांगायचीस म्हणे.

मी मात्र येत राहिले. तुझ्या कमिटीत बसले, तू काढलेल्या मंडळाच्या प्रत्येक अंकाची मराठी पानं तपासली. बर्फात मी गाडी चालवत नाही, म्हणून सुशांत मला सोडायला यायचा आणि कार्यक्रम संपेपर्यंत पार्किंगमध्ये बसून राहायचा. आत ये म्हटलं तर म्हणायचा, लोकांचा मूड कशाला घालवायचा. मी फार आग्रह करत नसे. खरं सांगायचं तर मलाही तो आत नको होता. तू एकदा खिडकीतून पाहून म्हणाली होतीस, तुझा ड्रायव्हर मोठा सहनशील आहे हं. आणि मी हसले होते. अकरा हिवाळे. गेल्या मार्चमध्ये तो गेला तेव्हा फ्यूनरल होममध्ये आम्ही धरून नऊ माणसं होती. मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं मात्र साठेक आली. तुझं पहिलं.

आता स्मरणिकेचं. संस्थापक अध्यक्ष म्हणून तुझं मनोगत डिसेंबरात आलं, नेहमीसारखं वेळेवर. सियाला पत्र सापडलं त्या दिवशी मी ते परत काढून वाचलं. त्यात तू लिहिलंयस:

“मंडळ एक झालं त्या वेळी सुशांतच्या पत्रावर पुष्कळ बोललं गेलं, त्यावर आज मी काही बोलणार नाही. संपादक म्हणून बारा वर्षं अनेकांच्या लेखांवर कात्री चालवली, मनं मात्र कधी कापली नाहीत. पद मला हवं होतं असं कोणी म्हणतं तेव्हा हसू येतं. जे गेले त्यांची आठवण येते. कशाचीही खंत मात्र वाटत नाही.”

सियाचं म्हणणं होतं, की बाबांची दोन्ही पत्रं शेजारी शेजारी छापावीत आणि खाली काहीच लिहू नये. पोरगी सरळ आहे, बापावर गेली आहे. मी तिला म्हटलं, लोक दोन पत्रं वाचत नाहीत. त्यांना लहान असेल ते पुरतं. ती म्हणाली, “डोन्ट बी लाइक हर, आई.” मी तिला म्हटलं, उशीर झाला गं, बारा वर्षं मी तिच्यासारखीच वागले. फक्त पेन्सिल नव्हती. मग तिच्या जुन्या खोलीतल्या ड्रॉवरमधून मी ती शोधून काढली. लाल रंग अजून चांगला उठतो. शुक्रवारी दुपारी पानं प्रेसला गेली. शेवटचा हात माझाच असतो, अमित ती पानं उघडूनही पाहत नाही.

हे पत्र लिहायचं कारण एवढंच, की तुला आधी कळावं. सुशांतला कळलं नव्हतं. तुझं मनोगत जागेअभावी थोडं लहान करावं लागलं. पान तीन, तुझा रेशमी साडीतला फोटो, आणि खाली: “सुशांतच्या पत्रावर मी कात्री चालवली. पद मला हवं होतं. खंत वाटत नाही. गिरिजा.” ताडून पाहा, यात माझा एकही शब्द नाही. तीनशे प्रती काल आल्या, माझ्या गॅरेजमध्ये आहेत. रविवारी पाच वाजता, त्याच हॉलमध्ये, तिळगूळ वाटताना प्रत्येकाच्या हातात एकेक जाईल. मोहनराव शनिवारच्या विमानाने येतायत, स्वतःकडचा कागद घेऊन. साडेपाचला अमित तुला मंचावर बोलावून मनोगत मोठ्याने वाचायला सांगेल. त्यानंतर तुला आत बसवेनासं झालं, तर मागच्या दाराशी दिव्याखाली एक जागा आहे, ती घे. मी सियाला सांगून ठेवलंय, तिथे कोणाला गाडी लावू देऊ नकोस. हीटर चालू ठेव. तिथून आतलं सगळं ऐकू येतं, असं सुशांत म्हणायचा.

अजूनही तुझीच,
रेणू