ज्वालामुखी वाळत नाही

नांदेड, ६ जानेवारी २०२५

चि. सौ. सौदामिनीस, अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं भांडण होतं आणि तू मधेच ठेवून देतेस, म्हणून कागदावर लिहितो. इथे मधे बोलता येत नाही.

जन्मभर शाळेत पोरांना आंबा नि तांब्या काढायला शिकवलं. आता सत्तरीत पहिल्यांदा माझं स्वतःचं चित्र प्रदर्शनात लागणार आहे, एक फेब्रुवारीला. चांगला मोठा ज्वालामुखी काढून राहिलो, तैलरंगात. धूर जमला, आभाळ जमलं, पण लाव्हा मेला वाहतच नाही! थिजलेल्या शिऱ्यासारखा बसून राहतो. तुझी वहिनी म्हणते, वरून काजू लावा. तीनदा खरवडला, डोकं फिरून गेलं. रंग पातळ करायचं जवसाचं तेल संपलंय. तिकडच्या घाण्यावरून बाटलीभर पाठव. निव्वळ जवसाचं!

इकडची आठवण ठेव, भांडायला का होईना.

तुझा दादा, मार्तंड

लातूर, ११ जानेवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

तेल आजच एस.टी.च्या पार्सलनं पाठवलं. ज्वालामुखीसाठी एवढा जीव कशाला आटवतोस? आंघोळीला पाणी गार मिळालं की आरशात बघत जा. थट्टा करते रे. पण आपलं मुखेडचं दोन खोल्यांचं घर एकदा काढून दे म्हणून मी किती वर्षं मागं लागलेय, अन् तू कुठला परका डोंगर पेटवत बसलास! माझा गुडघा दुखतो, प्रदर्शनाला येणं काही होणार न्हाई. फोटो पाठव.

राग वहिनीवर काढू नकोस, आणि माया आहे तशी राहू दे.

तुझी सौदामिनी

नांदेड, ३ फेब्रुवारी

चि. सौदामिनीस, आशीर्वाद (सवयीनं).

चित्र उतरवलं. पहिल्याच दिवशी, दुपारी. लाव्हा एका कडेनं घसरून चौकटीवर आला आणि तिथून फरशीवर. लोक चित्र सोडून फरशी बघत होते. संयोजकानं सगळ्यांदेखत माझ्या हातात फडकं दिलं. मी मान खाली घालून पुसत बसलो.

इतक्या दिवसांत रंगावर साय तरी धरायला हवी होती, पण बोटाला अजून चिकटतो. घरी आल्यावर तुझ्या वहिनीनं बाटलीतलं तेल जिभेला लावलं आणि म्हणाली, यात शेंगदाण्याचं आहे. ते जन्मात वाळत नाही! काय केलंस तू हे?

लोभाचं नंतर बघू.

मार्तंड

लातूर, ७ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

अरे, रंगात ओतायला घाण्याचं तेल कुणी मागवतं का? मला वाटलं, चित्राचं निमित्त आहे, जाणार सगळं चटणीवरच. नुसतं जवस तुला कडू लागतं, म्हणून निम्मं शेंगदाण्याचं मीच ओतलं. लई चुकलं, दादा. तुझ्या हातातलं फडकं डोळ्यापुढून हलत नाही, जेवण गोड लागत नाही. खरवडून टाक ते. नवा कॅनव्हास मी घेऊन देते.

शिव्या दे, पण पत्र टाक.

सौदामिनी

नांदेड, १२ फेब्रुवारी

चि. सौदामिनीस, अनेक आशीर्वाद.

खरवडून टाक म्हणे! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

चित्र पुढच्या खोलीत लावलंय. लाव्हा वाहतोय, बयो. रोज इंच-दीड इंच. जे मला साधलं नाही ते तुझ्या चटणीच्या तेलानं केलं, याचाच जास्त संताप येतो. रोज सकाळी सुरीनं तो वर ढकलतो, संध्याकाळी पुन्हा खाली. हात भरून येतात. सोडून देता येत नाही, कारण पायथ्याला मी मुखेडचं घर काढलंय. तुला आधी सांगणार नव्हतो, प्रदर्शनात दाखवणार होतो. दोन खोल्या, पत्रे, आणि दारात खुंट्याला बांधलेली तुझी लहानपणची पांढरी शेळी.

आज उठायला उशीर झाला. लाव्हा खुंट्यापर्यंत आलाय. माझ्या एकट्याच्यानं आवरत नाही. गुडघ्याला पट्टा बांध आणि पहिल्या गाडीनं ये. येताना जुन्या सुती साडीच्या चिंध्या आण. तेल आणलंस तर दार उघडणार नाही.

तुझा दादा